गप्प बसणारं मूल तपासणीत सुटतं, ते असं

शाळेतून तक्रार येत नाही म्हणजे एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता हा विकार) नाही, असं धरून चालू नका. तक्रार येते ती बाकावरून उठणाऱ्या, मध्येच बोलणाऱ्या मुलाची. खिडकीकडे बघत बसणारी, गणित अर्धं सोडून देणारी मुलगी ‘आळशी’ ठरते आणि निदान कित्येक वर्षं लांबतं.

उलटही होतं. वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, कारण तुलना जवळपास वर्षभराने मोठ्या मुलांशी होते. निदानासाठी लक्षणांची प्रश्नावली भरणाऱ्या शिक्षकांना जन्मतारीख आधी सांगा.

डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) प्रमाणे लक्ष न लागणं किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातल्या ९ पैकी किमान ६ लक्षणं, ६ महिने, घर-शाळा अशा दोन ठिकाणी, आणि त्यातली काही १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत. हे दहा मिनिटांत ठरत नाही; ठरवलंच तर दुसरं मत घ्या. डॉक्टरांकडे जाताना वह्या न्या. ‘लक्ष नसतं’ असं मोघम सांगू नका, ‘तीन कामं सांगितली की पहिलंच करते’ असं सांगा. कान, डोळे, झोप आधी तपासा. घरची भाषा शाळेपेक्षा वेगळी असेल तर तेही बोला. सूचना न कळणं आणि लक्ष न लागणं बाहेरून सारखंच दिसतं.

६ वर्षांखाली आधी पालक-प्रशिक्षण, औषध नंतर. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू करण्यापूर्वी वजन, उंची, नाडी, रक्तदाब लिहून ठेवा, नाहीतर पुढचा फरक कशाशी ताडणार? गोळीने भूक मरते, म्हणून सकाळचं खाणं पोटभर द्या.