चव, पोषण आणि किंमत यांचा विचार करता हायनेकेन, बडवायझर, कोरोना आणि गिनेस यांपैकी कोणती बिअर निवडावी?

आपण विचारले आहे की महिन्यातून दोन-तीनदा बिअर घेणाऱ्या, वजनाकडे लक्ष ठेवणाऱ्या आणि केवळ नावापायी जास्त पैसे मोजायची तयारी नसलेल्या माणसाने या चारांपैकी कोणती निवडावी. एका शब्दात उत्तर द्यायचे तर मी गिनेस म्हणेन, आणि त्यातही गिनेस ड्राफ्ट हा प्रकार. हे ऐकून बहुतेक जण चमकतात, कारण काळीकुट्ट आणि दाट फेसाची बिअर म्हणजे पोटात जाऊन बसणारे जेवणच, असा समज पक्का रुजलेला आहे. तो कुठे चुकतो हे सांगितल्याशिवाय माझ्या उत्तराला वजन येणार नाही, म्हणून आधी कॅलरींचा हिशेब मांडतो.

बिअरमध्ये स्निग्ध पदार्थ नसतात आणि प्रथिने 100 मिलिलिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम असतात. त्यामुळे कॅलरी येतात त्या जवळजवळ सगळ्या दोनच ठिकाणांहून: एक अल्कोहोल आणि दुसरे किण्वनानंतर मागे उरलेली कर्बोदके. अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून 7 कॅलरी मिळतात आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून 4. आता 5 टक्के अल्कोहोल असलेली 330 मिलिलिटरची बाटली घ्या. तिच्यात 16.5 मिलिलिटर अल्कोहोल आहे, त्याचे वजन सुमारे 13 ग्रॅम भरते आणि तेवढ्यातूनच 91 कॅलरी होतात. कर्बोदके साधारण 10 ग्रॅम धरली तर त्यांच्या 40 कॅलरी. म्हणजे बाटलीतील दोन-तृतीयांश ऊर्जा ही अल्कोहोलची असते, आणि म्हणूनच वजन सांभाळणाऱ्याने बाटलीवरचा पहिला आकडा वाचायचा तो टक्केवारीचा. रंगाचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही.

या मापाने आपल्या चार बिअर पाहू. देशागणिक आकडे थोडे मागेपुढे होतात, तरी 100 मिलिलिटरमागे हायनेकेन, बडवायझर आणि कोरोना या तिन्ही 41-42 कॅलरींच्या आसपास येतात. पहिल्या दोन 5 टक्क्यांच्या आहेत, तर कोरोना साडेचार टक्क्यांच्या आसपास असूनही तिच्यात कर्बोदके जास्त उरत असल्यामुळे हिशेब तिथेच जाऊन पोहोचतो. गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल 4.2 टक्के आणि कॅलरी सुमारे 35. चौघींमध्ये सर्वांत हलकी तीच. तिचा काळा रंग भट्टीत खरपूस भाजलेल्या बार्लीचा असतो. एकूण धान्याच्या मानाने ही बार्ली थोडीच घातली जाते, पण कॉफीसारखा गंध आणि रंग देण्यास ती पुरेशी होते. जिभेला जाणवणारा दाटपणा तर धान्यापेक्षा नायट्रोजनचाच अधिक असतो. इतर बहुतेक बिअरमध्ये निव्वळ कार्बन डायऑक्साइड असतो, गिनेस ड्राफ्टमध्ये मात्र नायट्रोजनचे प्रमाण मोठे असते, आणि हा वायू द्रवात फारसा विरघळत नसल्याने अतिशय बारीक बुडबुडे तयार होऊन सायीसारखा फेस बसतो. कॅन रिकामा झाल्यावर आत खुळखुळणारा प्लास्टिकचा गोळा आपण पाहिला असेल. झाकण उघडताच दाब उतरतो, त्या गोळ्यातून वायू जोराने बाहेर पडतो आणि फेस धरण्याची सुरुवात करून देतो. हा कॅन तोंडाला लावून पिणे म्हणजे त्यातील अर्धी मजा फुकट घालवणे आहे.

इथे एक सावधगिरी हवी. गिनेस या नावाने विकली जाणारी प्रत्येक बाटली ड्राफ्ट नसते. फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट या प्रकारात अल्कोहोल 7.5 टक्क्यांपर्यंत असते आणि तिथे केवळ अल्कोहोलच्याच कॅलरी 100 मिलिलिटरमागे 40 च्या वर जातात. नाव तेच, पण वर सांगितलेला फायदा पार उलटतो. गिनेसमधून लोह मिळते ही समजूतही सोडून द्यावी. 1929 पासून ‘गिनेस आरोग्यास उत्तम’ अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या आणि ती समजूत पिढ्यान् पिढ्या टिकली, प्रत्यक्षात मात्र एका मोठ्या ग्लासातील लोह नगण्य असते.

पोषणाबद्दल याहून फार लिहिण्यासारखे नाही. ब गटातील काही जीवनसत्त्वे बिअरमध्ये किंचित असतात, पण त्यासाठी कोणी बिअर पिऊ नये. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी आणि ग्लूटेन न चालणाऱ्यांनी चारही बिअर सारख्याच वर्ज्य मानाव्यात. कॅलरी आणखी कमी करायच्या असतील तर मिकेलोब अल्ट्रासारख्या ‘लाइट’ बिअर 100 मिलिलिटरमागे 27 कॅलरींपर्यंत उतरतात, परंतु त्यांच्यात अल्कोहोल 4.2 टक्के, म्हणजे गिनेस ड्राफ्टइतकेच असते. वाचते ते कर्बोदकांतून, आणि कर्बोदकांबरोबर चवीचा भरीवपणाही जातो. मला विचाराल तर 8 कॅलरींसाठी हा सौदा परवडत नाही. त्यापेक्षा अल्कोहोलरहित हायनेकेन 0.0 घ्यावी, जिच्यात 100 मिलिलिटरमागे 21 कॅलरी आहेत आणि मद्यही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्टच सांगितले आहे, तेव्हा ‘पौष्टिक बिअर’ हा शब्दप्रयोग मी तरी करणार नाही.

आता चव, जो खरा मुद्दा आहे. बडवायझर, कोरोना आणि हायनेकेन या तिन्ही लागर आहेत, म्हणजे थंड तापमानात सावकाश आंबवून नंतर काही काळ गारव्यात मुरवलेल्या. बडवायझरमध्ये बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, तांदूळ वापरतात, त्यामुळे ती अंगाने हलकी आणि कोरडी लागते. तिचा कडवटपणा मोजपट्टीवर 10 ते 12 एककांच्या आसपास, म्हणजे लागरच्या मानानेही अगदी कमी असतो. कोरोनात मका असतो आणि पहिल्या घोटाला किंचित गोडसर छटा जाणवते. हायनेकेन निव्वळ माल्टची आहे, तिचा कडवटपणा 20 च्या आसपास, आणि 1886 मध्ये निवडलेले त्यांचे यीस्ट तिला पिकलेल्या फळासारखा पुसट गंध देते. गिनेसचा कडवटपणा 40 च्या घरातला, पण भाजक्या बार्लीच्या आणि मऊ फेसाच्या आड तो टोचत नाही. या रांगेत बसणारी, पण आपल्या यादीत नसलेली एक बिअर म्हणजे पिल्सनर उर्केल. 1842 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्लझेन शहरात योसेफ ग्रोल यांनी बनवलेली ही पहिली सोनेरी पिल्सनर. आज जगभर खपणाऱ्या बहुतेक फिकट लागर तिच्याच वंशातल्या. तिच्यात साझ जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा, वनस्पतींसारखा ताजा वास आणि पावाच्या कडेसारखी माल्टची चव शेजारी शेजारी उभी असते. लागर पिऊन कंटाळा आला असे म्हणणाऱ्याने ती एकदा घ्यावी.

मी इतक्या ठामपणे चवींची वर्णने करतो आहे, म्हणून माझी फजितीही सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मी घरी एक प्रयोग केला. सारखे चार ग्लास घेतले, पत्नीने त्यांच्या बुडाला क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मी बाहेर असताना चार प्रसिद्ध युरोपीय आणि अमेरिकी लागर एकाच तापमानाला ओतून ठेवल्या. डोळे झाकून चारही बिअर ओळखीन अशी माझी खात्री होती. एक बरोबर आली, तीही बहुधा नशिबाने, आणि जिला मी ‘ही तर उघडच स्वस्तातली’ म्हणून बाजूला सारले ती माझी नेहमीची आवडती निघाली. पुढे वाचनात आले की ॲलिसन आणि उल या संशोधकांनी 1964 मध्येच असा प्रयोग प्रसिद्ध केला होता: लेबल काढल्यावर नियमित पिणाऱ्यांना आपली बिअर ओळखता आली नाही, आणि लेबल लावल्यावर त्याच लोकांनी आपापल्या बिअरला जास्त गुण दिले. पाचव्या ग्लासात स्टाउट, म्हणजे गिनेससारखी काळी बिअर, असती तर मी ती शंभर टक्के ओळखली असती. प्रकार बदलला की चव बदलते. एकाच प्रकारातले छाप बदलले की बहुतेकांच्या जिभेला कळतही नाही.

छापापेक्षा बाटली मात्र नक्की कळते. हॉप्समधील कडू द्रव्यांवर उजेड पडला की बिअरमध्येच असलेल्या रायबोफ्लेविनच्या, म्हणजे ब2 जीवनसत्त्वाच्या मदतीने ती मोडतात आणि गंधकयुक्त असे एक संयुग तयार होते, ज्याचा वास लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही नाकाला कळतो. इंग्रजी जगात या वासाला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचे नाव दिले आहे. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारच थोडा आणि पांढरी पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. मी एकाच खोक्यातील हिरव्या काचेच्या दोन बाटल्या घेऊन एक कपाटात आणि एक खिडकीत तासभर उन्हात ठेवली, मग दोन्ही सारख्या थंड करून उघडल्या. कपाटातलीला भिजलेल्या धान्याचा मंद वास होता. खिडकीतली उघडताच जळक्या रबराचा भपका आला, ग्लास तोंडाजवळ नेण्याचीही गरज पडली नाही. कोरोनाच्या पारदर्शक बाटलीच्या तोंडात लिंबाची फोड खोचतात, त्यामागची कारणे कोणी काहीही सांगो, हा वास झाकण्यास ती फोड उपयोगी पडते एवढे खरे. कॅनमध्ये उजेड जातच नाही, म्हणून एकच बिअर बाटली आणि कॅन या दोन्हींत मिळत असेल तर मी डोळे मिटून कॅन उचलतो.

किमतीकडे येताना मी कोणतेही भाव देत नाही, कारण ते करांप्रमाणे जागोजागी बदलतात. पण भाव कशाचा बनतो ते सगळीकडे सारखेच आहे. धान्य, पाणी, हॉप्स आणि यीस्ट यांचा खर्च किमतीचा लहान भाग असतो. उरलेले पैसे काच, वाहतूक, जाहिरात, विक्रेत्याचा नफा आणि मुख्य म्हणजे कर यांत जातात. अनेक ठिकाणी हा कर अल्कोहोलच्या प्रमाणावर बसतो, ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2023 पासून सगळीच मद्ये त्या तत्त्वाखाली आली. ‘परदेशी’ म्हणून महाग विकली जाणारी बिअर पुष्कळदा जिथे विकली जाते त्याच देशात परवाना घेऊन बनवलेली असते, आणि ते लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. शेजारी शेजारी मांडलेल्या बडवायझर, स्टेला आर्टोआ आणि हूगार्डन या तिन्ही एकाच ए-बी इनबेव्ह कंपनीच्या आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

पुष्कळ जण किंमत भागिले अल्कोहोल असा हिशेब करतात. 330 मिलिलिटरच्या 5 टक्के बाटलीत 16.5 मिलिलिटर अल्कोहोल, तर 500 मिलिलिटरच्या 4.2 टक्के कॅनमध्ये 21. म्हणजे कॅन सव्वापट महाग असला तरी दोन्ही सारखेच पडतात. गणित बिनचूक आहे, पण ते नेहमी कडक बिअरच्या बाजूने कौल देते आणि कडक बिअर म्हणजे जास्त कॅलरी, तेव्हा आपल्या कामाचे नाही. आपण महिन्याला दोन-तीन ग्लास पिता, त्यात साधी आणि महागडी यांतील फरक वर्षाच्या शेवटीही फार भरणार नाही. हे पैसे दोन फिकट लागरमधील नावाच्या फरकावर घालवण्याऐवजी प्रकार बदलण्यावर घालवा.

तेव्हा गिनेस ड्राफ्टचा कॅन घ्या, बुडावरची तारीख पाहून शक्य तितका ताजा घ्या, आणि एकाच दमात ग्लासात ओता. काळी बिअर आवडतच नसेल तर हायनेकेन, पण तीही कॅनमधली, आणि बर्फासारखी गार नको. शीतपेटीतून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवली की तो पिकल्या फळाचा वास नाकाला लागतो.