दोनदाती हरीण म्हणता येईल का?

एका ताईंनी विचारलंय की अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं वय दातांवरून कसं ओळखतात यावरचा मजकूर त्या मराठीत आणतायत, तर आपण बैलाला दोनदाती, चारदाती म्हणतो ते हरणाला चालेल का, की 'दंतवयनिर्धारण' असा शब्द घ्यावा?

तो शब्द घेऊ नका ताई, मनापासून सांगतो. जनावराचं तोंड उघडून वय पाहायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे की म्हणीतच जाऊन बसली, धर्माची गाय अन् दात का नाय. माझे आजोबा नागपूरजवळचे कास्तकार, बैलबाजारात गोऱ्ह्याचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढून बघायचे अन् लगेच सांगायचे, आदत आहे म्हणजे अजून सगळे दुधाचेच दात आहेत. गाईबैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात, त्यातली मधली जोडी पडून पक्की आली की दोनदाती, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचा, मग चारदाती, सहादाती, अन् आठही आले की जुळलेला, तोवर साडेचार-पाच वर्षं होतात.

आता हरणाचं तोंडही असंच, खाली पुढे आठ दात अन् वर नुसती कडक हिरडी, त्यामुळे शब्द सरळ लागू पडतील असं वाटतं. पण गोम अशी की या हरणाचे पुढचे दात साधारण वर्षभरातच बदलून होतात. म्हणजे 'दोनदाती हरीण' लिहिलं की आपल्याकडचा वाचक दोन वर्षांचं समजणार अन् ते असणार काही महिन्यांचं पाडस! 'जुळलेलं' लिहिलं तर आणखीच घोळ.

हरणात खरं पाहतात ते गालाकडच्या दाढा. खालच्या जबड्यातली पुढून तिसरी दाढ दुधाची असते तेव्हा तिला तीन उंचवटे असतात अन् दीडेक वर्षाच्या सुमारास ती पडून दोन उंचवट्यांची पक्की येते, हे इतकं ठळक आहे की एकदा दाखवलं की नवखाही ओळखतो. त्यानंतर मात्र सगळा मामला झिजीचा, वरचं पांढरं इनॅमल घासत जातं अन् आतलं तपकिरी डेंटिन रुंद दिसायला लागतं, ती पद्धत वन्यजीव अभ्यासक सेव्हरिंगहाउस यांनी १९४९ मध्ये मांडली. पण रेताड जमिनीतलं खाणाऱ्याची दाढ लवकर झिजते, म्हणून तिथे 'वय ठरवणे' लिहू नका, 'वयाचा अंदाज' लिहा, हा फरक फार महत्त्वाचा आहे. तिसरी पद्धत म्हणजे पुढच्या दाताच्या मुळाचा पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली सिमेंटमची, म्हणजे मुळावरच्या कठीण थराची, वर्षागणिक पडलेली वलयं मोजणं, झाडाच्या खोडात मोजतात तशी, तिथे 'वलयं' हाच शब्द छान बसतो.

अन् 'दात मोजून' पण नको. आपण बोलताना सर्रास म्हणतो, बैलात ते खपतं कारण तिथे जोड्या मोजतातच, हरणात पुढच्या दातांच्या जोड्या मोजून वय कळत नाही, दाढ बदलली का अन् किती झिजली ते बघायचं असतं.

तर मथळ्याला 'दात पाहून हरणाचं वय', आत 'तीन उंचवट्यांची दुधाची दाढ', 'दाढ बदललेलं हरीण', 'दाढेची झीज'. पेंच-उमरेडकडच्या गावातल्या माणसालाही हे वाचून कळेल, अन् बैलाचे शब्द तळटीपेत तुलनेला जरूर द्या, त्यानं वाचकाला पटकन अंदाज येईल.