झिरो बीयर: कुणी, कधी आणि कशी

प्रिय मित्रा,

दारू सोडायची आहे, तर त्याऐवजी बिनदारूची, म्हणजे झिरो, बीयर चालेल का, असं तू विचारलंस. चालेल की नाही हे बीयरपेक्षा तुझ्या आजवरच्या पिण्यावर ठरतं, म्हणून आधी पिण्याचा हिशेब मांडू.

‘मी फक्त बीयर घेतो’ हे वाक्य आपल्याकडे चारित्र्याच्या दाखल्यासारखं वापरलं जातं. आकडे काय सांगतात बघ. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीयरच्या 650 मिलीच्या बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, वजनात साधारण 41 ग्रॅम. व्हिस्कीची 42.8 टक्क्यांची क्वार्टर, म्हणजे 180 मिली, धरली तर 61 ग्रॅम. शनिवारी तीन स्ट्राँग रिचवणारा माणूस दोन क्वार्टर संपवून उठलेला असतो, फक्त पोट जास्त फुगलेलं असतं. निरोगी यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. आता रविवारी दुपारपर्यंत डोकं जड का असतं, ते तूच मोज.

आता खरा प्रश्न, आणि याचं उत्तर स्वतःशी खरं दे. रोज पितोस का? सकाळी हात थरथरतात का, घाम फुटतो का, एक घोट घेतल्यावर बरं वाटतं का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर एका रात्रीत सोडायचा पराक्रम करू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भ्रम होऊन माणूस असंबद्ध बोलू लागतो, नसलेली माणसं आणि किडे त्याला दिसतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर यात जीवही जातो. ही अवस्था मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पार करायची असते. ते काही दिवसांपुरती गोळी देऊन मात्रा रोज उतरवत नेतात आणि सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. कुठूनही फोन करायचा तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा 14416.

अशा माणसाला झिरो बीयर देऊच नये, निदान सुरुवातीचे बरेच महिने तरी नाही. त्यात दारू नसली तरी कॅन उघडतानाचा फस्स आवाज, हॉप्सचा, म्हणजे बीयरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडवट वास आणि ओल्या ग्लासचा हाताला लागणारा गारवा मेंदूच्या ओळखीचे असतात. त्या खुणा मिळाल्या की पुढच्या गोष्टीची मागणी सुरू होते. झिरोने भागत नाही म्हणून माणूस त्याच आठवड्यात खऱ्या बाटलीवर परत जातो आणि दोष मात्र स्वतःच्या इच्छाशक्तीला देतो.

दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. ही गोळी अल्कोहोलचं विघटन अर्ध्यावर अडवते, त्यामुळे रक्तात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. अर्ध्या टक्क्याचं पेय, अल्कोहोलवालं खोकल्याचं औषध, काही माउथवॉश, एवढंही त्रासाला पुरतं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे धोका राहतो. जाता जाता, एसटी स्टँडच्या मुतारीत आणि लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशी चिटोरी चिकटवलेली असतात. त्या पुडीत काय आहे याची कुणी हमी देत नाही, आणि आमटीत मिसळून डायसल्फिराम दिलं गेलं तर पिणारा थेट आयसीयूत पोचू शकतो. घरात कुणी असं काही आणलं असेल तर फेकून द्यायला लाव.

तुझ्या पत्रावरून तू यातला दिसत नाहीस. शुक्रवार-शनिवारी ‘बसणारा’, आठवडाभर कोरडा राहणारा, पण बसलं की थांबता न येणारा. तुला झिरोचा उपयोग होईल, मात्र पहिले दोन-तीन आठवडे तीही नको. या काळात नेमकी कशाची सवय आहे ते कळू दे. बहुतेकांना ओढ लागते ती संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, रिकाम्या पोटी, कामाने पिचून घरी आल्यावर. म्हणून साडेसहालाच भरपेट काहीतरी खा: मोड आलेल्या मटकीची उसळ-पाव, दडपे पोहे, दोन अंड्यांचं ऑम्लेट. भरलेल्या पोटाला दारूची आठवण कमी होते. तलफ आलीच तर ती चढते, टिकते आणि साधारण पंधरा ते तीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ घराबाहेर चालायला जा, पाकीट घरी ठेवून. गोड खावंसं वाटेल, त्याला घाबरू नकोस, खजूर-चिक्की जवळ ठेव. पहिला आठवडा झोप बिघडेल. दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्रीची झोप तुटते, आणि ती घडी परत बसायला वेळ लागतो.

त्यानंतर झिरो घे, आणि घेताना लेबल वाच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य. त्यामुळे बिनदारूच्या गटात ‘0.0’ आणि ‘0.5 टक्क्यापर्यंत’ असे दोन्ही प्रकार येतात. 330 मिलीच्या अर्ध्या टक्क्याच्या बाटलीत 1.3 ग्रॅम अल्कोहोल असतं. तुझ्या एका स्ट्राँग बाटलीची बरोबरी करायला अशा तीसेक प्याव्या लागतील, म्हणजे नशेचा प्रश्न नाही. तरी गर्भारपणात, यकृताच्या आजारात आणि औषधं चालू असताना ‘0.0’ सुद्धा डॉक्टरांना विचारूनच. परदेशी असलेल्या मित्रांनाही सांगून ठेव: आपल्याकडे किंगफिशरची रॅडलर बिनदारूची मिळते, जर्मनीत रॅडलर म्हणजे बीयर आणि लिंबाचं सरबत निम्मं-निम्मं, त्यात दोन-अडीच टक्के अल्कोहोल असतंच.

दुसरा आकडा साखरेचा. 100 मिलीमागे साखर दोन-तीन ग्रॅमच्या आत असेल तर ते पेय बीयरच्या जवळचं. नऊ-दहा ग्रॅम असेल तर ते माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, वासाचं कोल्ड्रिंक आहे, 330 मिलीत आठ चमचे साखर. पीच, स्ट्रॉबेरी, पुदिना असे स्वाद लिहिलेले बहुतेक कॅन याच जातीचे. हाइनेकेन 0.0 ची 330 मिलीची बाटली 69 कॅलरीची आहे, नेहमीच्या बीयरच्या निम्म्याच्या आसपास. मधुमेह असलेल्याने मात्र साखरेसोबत कार्बोहायड्रेटचा आकडाही बघावा, कारण माल्टोज, म्हणजे माल्टमधली साखर, रक्तातली साखर झपाट्याने चढवतं.

पहिला घोट घेतल्यावर ‘ही काय उकडलेल्या धान्याच्या पाण्यासारखी लागते’ असं म्हणशील. त्याला कारण आहे. झिरो बीयर मुख्यतः दोन रीतींनी होते. एकात आंबवणं मध्येच थांबवतात, किंवा माल्टोज न खाणारं यीस्ट वापरतात. यात अल्कोहोल फारसं तयारच होत नाही, पण जवाच्या काढ्याचा कच्चा वास देणारे आल्डिहाइड तसेच राहतात. पूर्ण आंबवताना यीस्ट तेच संपवत असतं. दुसऱ्या रीतीत पूर्ण बीयर करून मग अल्कोहोल काढतात, एकतर निर्वातात, जिथे ते 78 अंशांऐवजी बरंच खाली उडतं, नाहीतर पाणी शुद्ध करण्याच्या आरओसारख्या पडद्यातून. यात कच्चेपणा नसतो, पण अल्कोहोलसोबत सुवासही उडतात आणि पेय पाणचट होतं. शिवाय अल्कोहोल स्वतःच तोंडाला जडपणा आणि घशाला ऊब देतं, ती गेलीच. म्हणून लागर, म्हणजे नेहमीची पिवळी नितळ बीयर, पाणचट वाटली तर गव्हाची बीयर घेऊन बघ. तिच्या गढूळपणात अंगचा जाडपणा असतो आणि संत्रं-धण्याची चव उणीव झाकते. कडू हॉप्सवाली आयपीए मिळाली तर उत्तमच, कडूपणा गोडसरपणाला कापतो.

थंड करण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. लागर चार ते सहा अंशांना प्यायची. दहा-बाराच्या वर गेली की कच्चा धान्याचा वास नाकात भरतो. घाईने फ्रीझरमध्ये टाकून विसरू नकोस: अल्कोहोल नसल्यामुळे ही शून्य अंशाच्या जरा खालीच गोठते, नेहमीच्या बीयरच्या आधी, आणि बाटली तडकते. बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घातलेल्या पातेल्यात पंधरा मिनिटांत काम होतं. शक्यतो कॅनच घे. हिरव्या बाटलीवर दुकानाच्या काचेतून ऊन पडत राहिलं की हॉप्समधल्या द्रव्यापासून गंधकयुक्त घाण वास तयार होतो, आणि मग लोक ‘झिरो बीयरला वासच येतो’ म्हणत सुटतात. बनवल्याची तारीख तीन-चार महिन्यांच्या आतली बघ, हॉप्सचा सुवास आधी मरतो. उघडलेली त्याच बैठकीत संपव.

ग्लास भांडी घासायच्या साबणाचा अंश न राहता धुतलेला हवा. तेलकटपणा आणि साबण दोन्ही फेस मारतात, आणि या बीयरमध्ये वास धरून ठेवणारा फेसच महत्त्वाचा. ग्लास तिरका धरून निम्मी ओत, मग सरळ करून मधोमध, वर दोन बोटं फेस राहील अशी. मीठ-लिंबू हवं असेल तर चिमूटभर सैंधव आधी लिंबाच्या रसात विरघळव. भरल्या ग्लासात कोरडं मीठ टाकलंस की सगळा वायू एकदम सुटून टेबल पुसत बसशील. कोकमाचं आगळ दहा मिली, झिरो लागर दोनशे मिली, जिरेपूड नखभर: उन्हाळ्यात हे मला नुसत्या झिरोपेक्षा सरस वाटतं. आगळ खारट असतं, वेगळं मीठ घालू नकोस, आणि ग्लासच्या तळाशी आधी तेच घालून वर बीयर हळू ओत. चखण्यात खारवलेले शेंगदाणे कमी ठेव. मिठाने तहान वाढते आणि मोजणी सुटते. दोन कॅनवर थांब, तिसऱ्याला चव उरत नाही, नुसता हात चालतो.

बारमध्ये बाटली टेबलावर समोर उघडून घे. एकाच कंपनीची खरी आणि झिरो यांची लेबलं जुळ्या भावांसारखी असतात, गर्दीत वेटरची गल्लत होते. कंपन्यांना हे साम्य हवंच असतं, झिरोच्या जाहिरातीत नाव तेच झळकतं. ग्लास टेबलावर सोडून बाहेर फोन घ्यायला गेलास तर परतल्यावर तो पिऊ नकोस. ‘याला जरा पाजूया’ असा विनोद करणारा एक तरी प्रत्येक टोळक्यात असतो.

मित्रांना भाषण देऊ नकोस. ‘सध्या घेत नाही’ एवढं पुरे, कारण विचारलं की ‘ॲसिडिटी’ म्हण. सुरुवात श्रावणात केलीस तर कुणी विचारणारही नाही, अर्धी टोळी तेव्हा पाळतच असते. गटारीला मात्र जाऊ नकोस, निदान या वर्षी. जेवायला घरी बोलावणाऱ्यांकडे दोन थंड कॅन स्वतः घेऊन जा, त्यांच्या फ्रिजमध्ये झिरो असेल या भरवशावर राहू नकोस.

आणि तू पीत नाहीस कळलं की गाडी तुझ्याकडेच येणार. पेट्रोलचे पैसे आधी घे. अर्ध्या टक्क्याची प्यायला असशील तर तोंडातला अंश काही मिनिटं फुंकणीच्या यंत्रावर दिसू शकतो, म्हणून चूळ भरून पंधरा मिनिटं थांब आणि मग किल्ली लाव. मागच्या सीटवर दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्याही ठेव, उलटी खिडकीतून करायला सांगितलेली कुणी ऐकत नाही.

तुझा,
काका