वाचकांचे प्रश्न : चुंबकांची चढण आणि तापणारी कॉइल

प्रश्न : पीव्हीसी पट्टीच्या दोन्ही बाजूंना फेराइट चुंबकांच्या रांगा लावल्या आहेत. वरच्या टोकाकडे त्या एकमेकींच्या जवळ येत जातात. 12 मिमीचा पोलादी छर्रा आपोआप चढतो आणि टोकाला खाली पडतो. पण पट्टी वळवून त्याला परत सुरुवातीला आणायला गेलो की अडकतो. निओडिमियम चुंबक लावू का? अमेरिकेत हॉवर्ड जॉन्सन यांना 1979 मध्ये नुसत्या चुंबकांवरच्या मोटरचं पेटंट मिळालं आहे, म्हणजे हे जमतं ना? (इचलकरंजी)

उत्तर : तुमची चढण बरोबर चालते आहे, आणि ती इथेच संपते. रांगा जवळ येतात तसं चुंबकी क्षेत्र तीव्र होत जातं आणि छर्रा तिकडे ओढला जातो. टोकाला पोचला की तो सर्वांत तीव्र जागी असतो. तिथून सुटताना चुंबक त्याला मागे ओढतात, आणि ही पकड सोडवायला लागणारं काम खाली पडण्यातून मिळतं. म्हणून पडण्याची उंची चढण्याच्या उंचीपेक्षा कमी ठेवून चालत नाही. पूर्ण फेरीत चुंबकांनी दिलेलं आणि परत घेतलेलं काम सारखंच होतं. घर्षणाचं नुकसान तेवढं उरतं. छर्रा उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवणारा तुमचा हात हेच या यंत्राचं इंधन आहे. निओडिमियमने ओढ वाढेल तशी पकडही वाढेल आणि छर्रा बहुधा टोकालाच चिकटेल. तो आताही चिकटत असेल तर शेवटची जोडी 1-2 मिमी बाहेर सरकवून पाहा.

खात्री करायची असेल तर छर्रा पहिल्या चुंबकापासून 30 सेंमी दूर, जिथे ओढ जाणवत नाही अशा ठिकाणी, हलक्या उतारावर सोडा आणि त्याची उंची फूटपट्टीने मोजा. टोकाला पडल्यावर त्याला साध्या उतारावर वर जाऊ द्या आणि तो कुठवर पोचतो तिथे खूण करा. ही खूण सुटण्याच्या उंचीच्या खालीच येईल. त्याआधी टेबल लेव्हलने तपासा. 12 मिमीच्या छर्ऱ्याचं वजन सुमारे 7 ग्रॅम, तो 10 मिमी उचलायला फक्त 0.7 मिलीज्यूल लागतात. दोन टोकांत टेबल 2 मिमी कललेलं असलं तर यातला पाचवा हिस्सा टेबलच देऊन जातं.

पेटंटचं म्हणाल तर पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चालतं असा त्याचा अर्थ नाही. चुंबकाकडे चढणाऱ्या लोखंडी गोळीची हीच कल्पना इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्स यांनी 1648 मध्ये तपासली होती आणि ती फिरत राहणार नाही असंच त्यांनी लिहून ठेवलं. छर्रा फिरता ठेवायचाच असेल तर वाटेत कॉइल बसवून ठरावीक क्षणी वीज द्यावी लागेल. तोही उत्तम प्रयोग आहे, आणि पुढचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे.

प्रश्न : कॉइलला ठरावीक क्षणी वीज देऊन फिरणारी मोटर बनवली आहे : चार चुंबकांचा रोटर, ए3144 हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचं ओळखणारा), आयआरएफझेड44एन मॉस्फेट (कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), 12 व्होल्ट. रोटर कसाबसा फिरतो, आणि थांबला की कॉइलला हात लावता येत नाही इतकी तापते. (चिपळूण)

उत्तर : जोडणी उलटी झाली आहे. ए3144 समोर दक्षिण ध्रुव आला की त्याचं आउटपुट ग्राउंडला जातं. चुंबक नसताना, आउटपुटला सप्लायशी जोडणारा पुल-अप रेझिस्टर तिथे व्होल्टेज टिकवून ठेवतो. तुमचा एन-चॅनेल मॉस्फेट गेटला (स्विच चालवणाऱ्या पायाला) व्होल्टेज मिळालं की चालू होतो, म्हणजे नेमका चुंबक समोर नसताना. रोटर थांबला की बहुतेक वेळा तो चालूच राहतो.

सोपा उपाय म्हणजे आयआरएफ9540 हा पी-चॅनेल मॉस्फेट, तो उलट गेट ग्राउंडकडे गेलं की चालू होतो. सोर्स 12 व्होल्टला, ड्रेन कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक ग्राउंडला. गेट सेन्सरच्या आउटपुटला जोडा आणि गेट ते 12 व्होल्ट 1 किलोओहम लावा. सेन्सरमधून 12 मिलीअँपिअर जातील, त्याची मर्यादा 25 आहे. कॉइलला समांतर 1एन4007 डायोड हवाच, पट्टीची बाजू ड्रेनकडे. तो नसेल तर वीज तुटताना उसळणाऱ्या व्होल्टेजने मॉस्फेट जातो.

कॉइलसाठी 32 गेजची वाइंडिंग तार घ्या. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते, 25 ग्रॅम पुरे. सरासरी 25 मिमी व्यासाचे 500 वेढे घातले की सुमारे 11 ओहम येतात, म्हणजे 12 व्होल्टला जेमतेम 1 अँपिअर. 28 गेजचे 300 वेढे घातलेत तर रोध साडेतीन ओहमच्या आसपास राहतो आणि 3 अँपिअरच्या वर प्रवाह जातो. मधे बोल्ट घालू नका. चुंबक त्यालाच धरून बसतात.

सेन्सर कॉइलजवळ ठेवला तर कॉइलच्याच क्षेत्राने फसतो. चारही चुंबकांचे दक्षिण ध्रुव बाहेर असतील तर सेन्सर कॉइलपासून 90 अंशांवर लावा, छापील बाजू रोटरकडे, आणि फिरण्याच्या दिशेने आणखी 10 ते 15 अंश सरकवा. मग चुंबक कॉइलचा मध्य ओलांडून गेल्यावरच धक्का बसतो. रोटर पुढे ढकलला न जाता मागे ओढला जात असेल तर कॉइलच्या तारा अदलाबदल करा. सुरुवातीला हाताने फिरवावं लागेल.

प्रश्न : अशाच मोटरवर वीज मिळवायला दुसरी कॉइल बसवली. मीटरवर इनपुट 12.4 व्होल्ट, 0.18 अँपिअर आणि आउटपुट 40 व्होल्ट एसी दिसतं. आउटपुट जास्त आहे का? (नांदेड)

उत्तर : लोड न लावता मोजलेलं व्होल्टेज म्हणजे पॉवर नव्हे. दुसऱ्या कॉइलला ब्रिज रेक्टिफायर, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 100 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर लावून डीसी व्होल्टेज मोजा. त्याचा वर्ग करून 100 ने भागा. 6 व्होल्ट आले तर 0.36 वॉट. इनपुट 2.2 वॉट आहे, म्हणजे 16 टक्के, आणि अशा घरगुती मोटरला ते शोभेसं आहे. इनपुटचा प्रवाह झटक्याझटक्याने जातो, म्हणून अँपिअर मीटरच्या पुढे, मोटरच्या बाजूला, सप्लायवर 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर मीटरवरचा आकडा भरवशाचा नसतो. बॅटरीचं व्होल्टेज वाढलेलं दिसलं म्हणून ती चार्ज झाली असंही धरू नका.

प्रश्न : रोटरवर ग्लू गनने चिकटवलेले चुंबक उडाले, आणि एक-दोन कमजोरही वाटतात. (पुणे)

उत्तर : साध्या एन ग्रेडच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा 80 अंश सेल्सिअस आहे. गरम ग्लू त्याहून बराच तापलेला असतो. दोन भागांचा इपॉक्सी वापरा, पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि 24 तास हलवू नका. 10 बाय 5 मिमीचा चुंबक 3 ग्रॅमचाच असतो, पण 4 सेंमी त्रिज्येवर, मिनिटाला 3000 फेऱ्यांना त्यावर सव्वा किलोच्या वजनाएवढा ताण येतो. म्हणून बाहेरून नायलॉन दोरा गुंडाळून त्यावरही इपॉक्सी लावा, आणि चाचणीच्या वेळी डोळ्यांवर गॉगल हवाच. सुटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे चिमटल्या जाऊन छिद्र पडू शकतं. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.