पांढऱ्या पॅन्टमधली वंडर वुमन खरी की डुप्लिकेट?

प्रश्न : नमस्कार ताई, मागच्या रविवारी डेक्कनला फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात वंडर वुमनच्या कॉमिकचा एक इंग्लिश अंक मिळाला, कव्हर गायब, साठ रुपये दिले. घरी येऊन उघडला तर बाई पांढऱ्या पॅन्टमध्ये कराटे मारतीये, ना तो सोनेरी दोर ना अदृश्य विमान. लेक म्हणते, बाबा तुम्हाला गंडवलं. वर तिचं म्हणणं की ही ग्रीक देवांचा राजा झ्यूस, त्याची मुलगी, आणि मी तर लहानपणी वाचलेलं की आईनं मातीची मुलगी केली आणि देवांनी जीव घातला. आमच्यात बरोबर कोण?
– एक बाबा, कोथरूड

उत्तर : अहो बाबा, अंक अस्सल आहे. १९६८ मध्ये अंक धड खपेनात म्हणून ती छापणाऱ्या डीसी कंपनीनं तिच्या सगळ्या पॉवर काढून घेतल्या, म्हणजे गोष्ट अशी की तिच्या अ‍ॅमेझॉन नावाच्या योद्ध्या बायकांची जादू संपत आली, त्या निघाल्या दुसऱ्या जगात, आणि ही प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हरसाठी इथंच थांबली तर शक्ती सोडावी लागली. मग बाईनं कपड्यांचं बुटीक टाकलं, आय चिंग नावाच्या अंध म्हाताऱ्याकडून मारामारी शिकली, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो स्टीव्ह लगेच एक-दोन अंकांत मेला पण!

मला विचाराल तर हा काळ अगदीच टाकाऊ नाही, ती मार खाते, धडपडते, परत उठते. पण पॉवर काढायच्याच होत्या तर सुपरमॅनच्या का नाही काढल्या? अमेरिकेतल्या स्त्रीवादी ग्लोरिया स्टायनम लहानपणी हिचीच फॅन, त्यांना हे काही पटलं नाही, आणि १९७२ च्या जुलैत त्यांच्या ‘मिझ’ मासिकाच्या कव्हरवर जुन्या ड्रेसमधली, पॉवरवाली वंडर वुमन आली, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून. १९७३ मध्ये शक्ती परत.

तसं तिला खाली बसवणं सुरुवातीपासूनच चालू होतं. १९४१ मध्ये तिला जन्माला घातलं विल्यम मार्स्टननं, हा मानसशास्त्रज्ञ, माणूस खोटं बोलला की ब्लड प्रेशर कसं वाढतं यावर काम केलेला, आणि त्याला बाई पुरुषाहून वरचढच दाखवायची होती. पण १९४२ मध्ये दुसऱ्या सिरीजमधल्या सुपरहिरोंच्या मंडळात तिला घेतलं ते सेक्रेटरी म्हणून! बाकीचे लढाईला आणि ही मीटिंगचा वृत्तांत लिहायला. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये वही कुणाच्या हातात देतात ते आठवा.

आता माती की झ्यूस. दोघंही बरोबर, तुमची गोष्ट जुनी, लेकीची २०११ नंतरची. तेव्हा डीसीनं तिची गोष्ट नव्यानं सुरू करताना बाप म्हणून झ्यूस आणून बसवला आणि मातीची गोष्ट ही आईची थाप ठरवली, २०१७ च्या सिनेमातही बाप झ्यूसच. मला मातीवालीच आवडते. पार्वतीनं अंगाच्या मळाचा गणपती एकटीनं केला हे आपण लहानपणापासून ऐकतो, तिथं बाप कुठाय म्हणून कोणी अडत नाही.

जाता जाता, इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाची (फँटमची) बायको डायना युनोत नोकरीला होती आठवतंय? वंडर वुमनचं खरं नावही डायनाच, आणि २०१६ मध्ये हिलाही युनोनं मानद राजदूत केलं, पण तिथल्याच कर्मचाऱ्यांनी असल्या तोकड्या कपड्यातलं कार्टून कशाला म्हणून पाठ फिरवून निषेध केला आणि दोनेक महिन्यांत पद गेलं. वेताळाची डायना बरी टिकली.

तुमच्या अंकात पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नंबर बघा, १७९ ते २०३ मधला असला तर हाच बुटीकचा काळ. आणि साठ रुपयांत मिळाला असेल तर गंडला तो फुटपाथवाला, तुम्ही नाही.