कोल्हापूरला समुद्र नाही, मग कोल्हापूरकर उठसूट कोकणात का पळतात? दोन दिवसांत गाडीने किनारा बघायचा तर कुठून जावं?

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर आधी देतो, कारण तो टोचला. कोल्हापूरला समुद्र नाही हे आत्ताचं झालं. मालवणचा सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला, पुढं तो किल्ला आणि मालवणचं बंदर कोल्हापूरच्या गादीकडं आलं, आणि १८१२ च्या तहात इंग्रजांनी ते काढून घेतलं. त्याच्याही मागं जायचं तर विजयदुर्ग बांधला असं ज्या शिलाहार भोज राजाबद्दल सांगतात, पन्हाळाही त्याचाच. त्यामुळं आम्ही कोकणात पळत नाही, चक्कर मारून येतो. आमचे मुंबईचे साडू प्रत्येक लग्नात "तुम्हा घाटावरच्यांना समुद्राचं काय कळतंय" हे ऐकवतात, म्हणून एवढं लिहिलं.

आता रस्ता. गगनबावड्यावरनं करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीवरनं फोंडा, मलकापूरकडनं अणुस्कुरा किंवा आंबा, आजऱ्याकडनं आंबोली. घाट तुम्हाला माहीत असणारच. मी फोंड्याचा माणूस आहे, कारण आमच्या अण्णांचा माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, टेम्पो त्याच घाटानं उतरायचा. मार्केट यार्डात पहाटेचे सौदे झाले की कोबी, टोमॅटो, ढबू, वांगी भरायची आणि देवगडच्या बाजूला जायचं. दाजीपुरात चहा. परत येताना नारळ, आमसुलं, सुकट, आणि मे महिन्यात हापूसच्या पेट्या. टेम्पोचा वास काही केल्या जायचा नाही. आईनं शेवटी तो दारात लावायलाच बंदी घातली, लांब कोपऱ्यावर लावायला लागायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. थंडीचे दिवस होते, मी शाळेला दांडी मारून क्लीनरच्या जागेवर बसलेलो. देवगडला माल उतरवल्यावर अण्णा म्हणाले, आज घाट चढायचा नाही, किनाऱ्यानं मालवणपर्यंत जाऊ, उधाऱ्या राहिल्यात. वाटेतल्या गावांत त्यांचे दुकानदार होते आणि फोनवर उधारी वसूल होत नसते. देवगड ते मालवण अंतर पन्नासेक किलोमीटर, पण आम्हाला ते दुसऱ्या दिवसावर गेलं.

जामसंड्यावरनं वळसा घालून कुणकेश्वर. वर नुसता कातळ. काळा, उन्हानं तापलेला, मधेच कलमांच्या बागा आणि चिऱ्याचे गडगे. समुद्राचा पत्ता नाही. मी कुरकुर करायला लागलो तेवढ्यात उतार लागला, एक वळण गेलं आणि खाली देवळाचं शिखर आणि त्याच्या मागं अख्खा समुद्र. अण्णांनी गाडी बंद केली. डिझेल वाचवायला असेल, पण उतरून उभे राहिले खरे. ओहोटी होती. देवळापुढच्या खडकांत कोरलेल्या पिंडी उघड्या पडल्या होत्या, भरतीला त्या पाण्याखाली असतात. तिथल्या दुकानदारानं अर्धी उधारी दिली, अर्ध्याचे नारळ दिले.

मग परत चढ, परत कातळ. मिठबावला गजबादेवीपाशी पुन्हा समुद्र. मग हिंदळे, मुणगे, आणि मुणग्यात रस्त्याकडेला बघतो तर झापांच्या झोपड्याच झोपड्या. गुरं बांधलेली, कोंबड्या डालग्याखाली, कुत्रीसुद्धा आणलेली. अण्णांना वाटलं काहीतरी आपत्ती झाली. एकाला विचारलं तर तो हसला. आचऱ्याची गावपळण होती. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की आख्खं आचरा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर पडतं आणि तीन दिवस तीन रात्री बाहेर राहतं. नंतर पुन्हा कौल घेऊन गावात जायचं. आणि अण्णांची सगळ्यांत मोठी उधारी आचऱ्यात होती!

झोपड्यांतून हिंडून आम्ही तो दुकानदार शोधून काढला. तो लुंगीवर बसून चूल फुंकत होता. अण्णांना बघून म्हणाला, "अण्णांनू, गाव पळालो, उधारी पळूक नाय. बसा, जेवान जावा." पैसे त्यानं कनवटीलाच ठेवले होते, तिथल्या तिथं मोजून दिले. तारली माशांचं तिखलं आणि भात. तिरफळ दाताखाली आलं तेव्हा मी थुंकलो, त्यावर सगळी झोपडी हसली. अण्णांनी उरलेली वांगी आणि टोमॅटो देऊन टाकले, पैसे घेतले नाहीत. आमचे अण्णा! एक कोबीचा गड्डा कमी भरला तर भांडणारे. रात्री बायकांच्या फुगड्या, पुरुषांचं भजन. अण्णांनी तालमीतल्या आवाजात एक अभंग म्हटला, लोकांनी आणखी एक म्हणायला लावला. आम्ही टेम्पोच्या हौद्यात कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर झोपलो. खाडीपलीकडनं रात्रभर गाज येत होती.

सकाळी आचऱ्यातनं मालवणला गेलो तेव्हा गावात एक कोंबडं नव्हतं. घरंदारं जागच्या जागी, बंद. मालवणच्या जेटीवरनं सिंधुदुर्ग दिसला आणि अण्णा म्हणाले, "हे आपलं होतं बघ." १८१२ चा तह मला पुढं पुस्तकात सापडला, अण्णांना तो कुणी सांगितला होता देव जाणे.

आता साडूंचं म्हणणं असं, की किनाऱ्याचा रस्ता म्हणजे समुद्र सलग दिसला पाहिजे. आमच्या रस्त्यानं तासभर कातळच दिसतो म्हणून तो रद्दी. तेवढ्यासाठी ते कोकण रेल्वेनं कणकवली गाठतात, तिथनं रिक्षा करून थेट तारकर्ली, आणि बोटीत बसून "कोकण बघितलं" म्हणतात. एक तर रेल्वेतनं आपल्या या पट्ट्यात समुद्र दिसत नाही, ती पार आतनं जाते. दुसरं, कोकणचा किनारा हा मुळात सलग नाहीच. कातळाचा सडा, मग उतार, खाडी, पूल, माडांतलं गाव, वाळू, परत चढ. दर चार-दोन कोसांवर एक खाडी आडवी येते. समुद्र लपतो म्हणून दिसल्यावर बरा वाटतो, चित्रपटात हिरोईन पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत समोर उभी असती तर कुणी तिकीट काढलं असतं? ज्याला सलग समुद्र पाहिजे त्यानं मरीन ड्राइव्हवर बसावं. साडू तिथंच राहतात जवळ.

तर दोन दिवसांत: पहिल्या दिवशी गगनबावडा, तळेरे, विजयदुर्ग. किल्ला तीन बाजूंनी पाण्यात आहे, निवांत बघा. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे मिळून तो आंग्र्यांकडनं घेऊन बसले, ती जखम किल्ल्यावर उभं राहिल्यावरच कळते. वाटेत गिर्याचा रामेश्वर चुकवू नका, कातळ खोदून काढलेल्या वाटेनं देवळात उतरायचं. मुक्काम देवगड किंवा कुणकेश्वर. दुसऱ्या दिवशी मी वर सांगितलेला रस्ता मालवणपर्यंत, आणि कसाल-कणकवली करून फोंड्यानं वर. तारामुंबरीचा पूल झाल्यापासून देवगड-कुणकेश्वर जवळ आलंय, तरी एकदा जामसंड्याकडनं जा. वेंगुर्ला-शिरोडा दोन दिवसांत कोंबायला जाऊ नका, तो वेगळा विषय आहे. गणपतीपुळे आणि आरे-वारे सुंदर आहेत, पण तिकडं निम्मं कोल्हापूर भेटतं. घरीच बसा त्यापेक्षा.

हे सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारीसाठी. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, कुठला घाट चालू कुठला बंद ते निघायच्या आधी विचारून घ्या. बोटी पण बंद असतात. पोहता येतंय म्हणून कुठंही पाण्यात शिरू नका, रंकाळ्यात पोहणं वेगळं. गावातला माणूस नको म्हणाला की नको. लहान पोरं गाडी लागणारी असतील तर करूळपेक्षा फोंडा बरा. आणि गावपळण बघायची म्हणून कॅमेरे घेऊन झोपड्यांत घुसू नका, तिथं लोक राहत असतात.

मासे खात नसाल तर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या मिळतात. फक्त मालवणात बसून तांबडा-पांढरा मागू नका. साडूंनी मागितला होता, आमचं नाव सांगून.