‘किती दिवस तेच उगाळणार?’

‘ताई, मी २९ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. सहावीत बाईंनी वर्गासमोर उभं करून माझ्या बोलण्याची नक्कल केली, सगळे हसले. आजही खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी त्याच वर्गात असते. आई म्हणते, किती दिवस तेच उगाळणार? समुपदेशक म्हणाले, इतक्या शांतपणे सांगतेस म्हणजे सावरलीस. मी मुद्दाम करते का हे?’

नाही गं, मुळीच नाही. उगाळायला माणूस स्वतः बसतो. तुझ्यावर ती आठवण येऊन आदळते. ऑटिझम असलेल्या अनेकांना प्रसंग गोष्टीसारखा आठवत नाही. आवाज, उजेड, अंगावरचा काटा असा तुकड्यातुकड्यांनी आठवतो. तो जुना होत नाही. आणि ‘एवढंसं तर झालं होतं’ हे कुणाचं ऐकू नकोस. आघात म्हणजे फक्त अपघात किंवा मारहाण नव्हे. वर्गातल्या छळानंतरही आघाताची तीच लक्षणं अनेक ऑटिस्टिक माणसांत दिसतात.

तुझ्या समुपदेशकांचं मात्र चुकलंच. स्वतःच्या भावना ओळखणं, त्यांना शब्द देणं अवघड जाणं याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. ऑटिस्टिक व्यक्तींपैकी साधारण निम्म्यांमध्ये ते आढळतं. सांगताना आवाज सपाट असतो, रडू कदाचित दोन दिवसांनी भांडी घासताना येतं. पुढच्या भेटीत कागदावर लिहून ने: ‘चेहरा शांत दिसला तरी पोटात गोळा येतो, हात गार पडतात.’ ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघाताच्या आठवणींवर केला जाणारा मानसोपचार, त्याबद्दलही त्यांना विचारून बघ. आघातानंतरच्या त्रासावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ही पद्धत सुचवली. तिच्यात घटना सविस्तर बोलून दाखवावी लागत नाही. फक्त ऑटिझमची समज असलेली व्यक्ती शोध.

आवाज आला की आजची तारीख आणि स्वतःचं वय मोठ्याने म्हण, हाताला लागेल ती गार वस्तू घट्ट धर. वर्ग लगेच पुसला जाणार नाही, पण पायाखालची फरशी आजची आहे हे शरीराला कळू लागेल.

आठवणीकडे पुन्हा जाणं वाईट नाही. जाऊन आल्यावर काही नवं उमगलं, ‘ती चूक माझी नव्हतीच’ एवढं जरी, तर जा. तेच दृश्य फिरत राहिलं आणि जबडा आवळला गेला, तर तिथेच थांब, विशेषतः रात्री एकटी असताना.

आईला एवढंच सांग: ‘मी मुद्दाम आठवत नाही, मला आठवतं.’ आणि कागद वाचूनही समुपदेशक ‘सावरलीस’ म्हणाले, तर दुसरे शोध.